बारामतीची ‘ब्रिटिशकालीन’ धावपट्टी आणि माझ्या सिनॉप्सिसमधलं एक वाक्य

माझ्या पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये पान ४ वर एक वाक्य होतं: ‘बारामती येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी बांधण्यात आली.’ वाक्य दिसायला छान आहे. व्याकरण बरोबर, काळ दिलाय, कारण दिलंय. माझ्या गाईडनी त्याखाली लाल पेनानं रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘पुरावा?’

पुरावा नव्हता. त्या एका शब्दाचं उत्तर शोधायला मला पाच महिने लागले. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या किंवा नेटच्या तयारीत आहात, काही जणांचं सिनॉप्सिस लिहून चाललंय. म्हणून हे पाच महिने कसे गेले ते सांगते. त्यात युद्धकाळातल्या विमानप्रशिक्षणाचा इतिहास आहे आणि आमच्या इंदापूर तालुक्याचा त्यातला एक अनपेक्षित भागही आहे.

आधी हे वाक्य माझ्या डोक्यात आलं कुठून ते बघा. आमची वस्ती वालचंदनगरपासून जवळ. लहानपणी उसाच्या फडावरून दिवसभर छोटी विमानं घिरट्या घालायची. आज्जी म्हणायची, “आगं, इमान आलं बघ, शिकाऊ हाय.” बारामतीच्या एमआयडीसीजवळच्या विमानतळावर पायलट व्हायला शिकणारी पोरं-पोरी ती चालवतात हे सगळ्या परिसराला माहीत आहे. आता आमच्याकडे जुनं जे काही आहे ते बहुतेक ब्रिटिशांच्या काळातलं. नीरा डावा कालवा १८८५ च्या आसपासचा. दौंड-बारामती ही छोटी रेल्वे १९१४ ची. त्यात मी कुठंतरी वाचलं की गोंदियाजवळच्या बिरसीचा विमानतळ १९४० मध्ये युद्धासाठी बांधला आणि आज तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. पुण्याचं लोहगाव १९३९ चं. झालं! बारामतीलाही शिकाऊ विमानं आहेत, म्हणजे ही धावपट्टीही त्याच काळातली असणार. डोक्यात ‘असणार’ होतं, कागदावर उतरताना त्याचं ‘आली’ झालं. मला वाटतं संशोधनातल्या निम्म्या चुका या क्रियापदाच्या प्रवासात होतात.

माझा विषय विमानांचा नाहीच. मी एम.एस्सी. जिओइन्फॉर्मॅटिक्सची. नीरा डाव्या कालव्याखालच्या जमिनीचा वापर गेल्या शंभर वर्षांत कसा बदलला, हा प्रबंधाचा विषय. धावपट्टी ही त्या नकाशावरची एक करड्या रंगाची पट्टी, इतकाच तिचा संबंध. त्यामुळे पुरावा म्हटल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे आकाशातून बघायला गेले. अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरीच्या उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले झाले. भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी हा खजिना आहे. बारामती परिसराच्या चित्रात मी ती जागा शोधली. कोरडवाहू शेताचे तुकडे, एक ओढा, दोन बैलगाडीवाटा. धावपट्टी नाही. मग १९७२ नंतरची लँडसॅटची चित्रं लावली, टोपोशीट काढले. करडी पट्टी येते ती थेट १९९० च्या दशकात, एमआयडीसीनं विमानतळ बांधला तेव्हा.

मी खूश. गाईडना मेल केली: ‘सर, धावपट्टी १९९० च्या दशकातली आहे, युद्धकाळातली नाही. उपग्रहचित्रं जोडली आहेत.’ उत्तर आलं: ‘पट्टी नव्हती हे कळलं. मैदान नव्हतं हे कशावरून?’

मला प्रश्नच कळला नाही. तो कळायला युद्धकाळात विमान चालवायला कसं शिकवत हे वाचावं लागलं. इथून पुढचा भाग जरा सावकाश वाचा.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय हवाई दलाकडे एकच स्क्वाड्रन होतं, १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर उभं राहिलेलं. पहिल्या तुकडीतले भारतीय वैमानिक इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला शिकून आले होते, म्हणजे देशात लष्करी वैमानिक घडवण्याची यंत्रणा जवळजवळ नव्हतीच. होते ते फ्लाइंग क्लब. जुहूवर १९२८ पासून चालणारा बॉम्बे फ्लाइंग क्लब त्यातला एक. जे. आर. डी. टाटांनी फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला तो त्याच क्लबमध्ये शिकून. युद्ध लागल्यावर या क्लबांवरच पहिली भिस्त ठेवली गेली आणि १९४० मध्ये विमान चालवता येणारे २४ भारतीय तरुण थेट ब्रिटनला पाठवले गेले.

हळूहळू देशात साखळी तयार झाली. लाहोरजवळ वॉल्टनला सुरुवातीचं प्रशिक्षण: कवायत, मोर्स, दिशाज्ञान, हवामान. तिथून प्राथमिक उड्डाणशाळा, एक हैदराबादच्या बेगमपेटला आणि दुसरी जोधपूरला. तिथे टायगर मॉथ. त्यात जो टिकला तो अंबाल्याला, तिथे जड विमानं. मग वायव्येकडे रिसालपूर-पेशावर भागात प्रत्यक्ष लढाऊ प्रशिक्षण आणि तिथून बहुतेकांची रवानगी ब्रह्मदेशच्या आघाडीवर. मुंबईत १९२० मध्ये जन्मलेले हृषीकेश मुळगावकर नोव्हेंबर १९४० मध्ये हवाई दलात अधिकारी झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले आणि १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते. एका स्क्वाड्रनपासून सुरू झालेलं हे दल युद्ध संपताना नऊ स्क्वाड्रनचं झालं होतं.

नऊ हा आकडा मोठा वाटतो. पण डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून जी प्रशिक्षण योजना आखली, तिच्याखाली एकट्या कॅनडात १ लाख ३१ हजारांवर वैमानिक आणि विमानकर्मी तयार झाले. भारत त्या करारात नव्हता. आपल्याकडे शाळा मोजक्याच उघडल्या, कारण साम्राज्याला भारतीय वैमानिकांची फार मोठी फौज उभी करायची घाई नव्हती. बारामतीला उड्डाणशाळा का नव्हती याचं पहिलं कारण बारामतीत नाहीच. ते लंडन-दिल्लीच्या धोरणात आहे.

आता टायगर मॉथकडे वळू, कारण गाईडच्या प्रश्नाचं उत्तर या विमानात आहे. लाकूड, धातूच्या नळ्या आणि कापड यांचं हे दोन पंखांचं हलकं विमान. पुढच्या बैठकीत प्रशिक्षक, मागच्या बैठकीत शिकणारा. दोघांत बोलायला रबरी नळी, त्यातून प्रशिक्षकाच्या शिव्या स्पष्ट ऐकू जात असणार. इंजिन सुरू करायला बाहेर उभ्या माणसानं पंखा हातानं फिरवायचा. आणि मुख्य म्हणजे या विमानाला ब्रेक नव्हते. शेपटीखाली चाक नव्हतं, एक घसरपट्टी होती, ती जमिनीवर घासत जाऊन वेग कमी व्हायचा. असं विमान डांबरावर उतरवणं त्रासाचं. त्याला गवत लागतं.

शिवाय वारा. हलक्या विमानाला आडवा वारा लागला की ते उतरताना बाजूला ढकललं जातं. नवख्याच्या हातात तर हमखास. त्यामुळे नेहमी वाऱ्याच्या तोंडाला उतरायचं हा नियम. वारा तर सकाळी एका दिशेनं, दुपारी दुसऱ्या. मग एकच ठरावीक पट्टी काय कामाची? म्हणून त्या काळातले बरेचसे प्रशिक्षणतळ म्हणजे मोठं, सपाट, साधारण चौकोनी किंवा गोल गवताळ मैदान असायचं. मध्ये वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा, कडेला एखादी शेड. कुठूनही या, कुठेही उतरा.

म्हणजे काय झालं ते लक्षात आलं का? युद्धकाळातल्या अशा तळाला धावपट्टी असेलच असं नाही. युद्ध संपलं, शेड उचलली, कुळव फिरला, की वीस वर्षांनी उपग्रहातून बघणाऱ्याला तिथे शेतच दिसणार. माझं कोरोनाचं चित्र खरं होतं, निष्कर्षही योगायोगानं बरोबर होता, पण चित्रावरून तो निष्कर्ष निघत नव्हता. मी आजच्या विमानतळाचं रूप मनात धरून कालचा विमानतळ शोधत होते.

मग काय करायचं? मी सातबारा काढला. हसू नका. जमिनीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आधी तलाठ्याकडे जावं असं माझं आता ठाम मत झालंय. सातबारावर आजची स्थिती कळते. जुना प्रवास कळतो तो फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, वारस कोण लागले, कर्ज कुणाचं, सरकारनं कधी घेतली, सगळ्याची नोंद तिथे होते. युद्धकाळात सरकारला खाजगी जमीन ताब्यात घ्यायची असेल तर डिफेन्स ऑफ इंडिया रूल्समध्ये तशी तरतूद होती. मैदान जरी वर्ष-दीड वर्षच वापरलं असतं तरी शेतकऱ्याच्या जमिनीवर सरकारी ताबा आला असता, भरपाईचा कागद झाला असता, कुणीतरी भरपाई कमी मिळाली म्हणून अर्ज केला असता. आपल्याकडे माणूस विमान विसरेल, भरपाई विसरणार नाही.

विमानतळाच्या जागेतल्या गटांचे मागचे फेरफार मी चार दिवस बसून बघितले. वारसनोंदी, वाटण्या, तगाई, पुन्हा वारसनोंदी आणि मग एकदम एमआयडीसीचं संपादन. १९३९ ते १९४६ या काळात लष्करी ताब्याची एकही नोंद नाही. हा पुरावा उपग्रहचित्रापेक्षा दिसायला गबाळा आहे. पिवळी पानं, शाईचे डाग, वाचता न येणारं अक्षर. पण प्रश्नाचं उत्तर तो देतो.

इथे थांबता आलं असतं. पण मला एक गोष्ट सलत होती. बारामतीत तळ नव्हता हे कळलं, पण बेगमपेटला का होता? दोन्ही जागा दख्खनच्या पठारावर. दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण सारख्याच उंचीवर, पाचशे-साडेपाचशे मीटर. उलट बारामती पर्जन्यछायेत, पाऊस कमी, वर्षातले उड्डाणाला योग्य दिवस जास्त. आज इथे प्रशिक्षण चालतं त्यामागे मोकळं आकाश हे मोठं कारण आहे. उन्हाळ्यातली अडचण दोन्हीकडे सारखीच: तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, दुपारी जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात, म्हणून शिकवणी पहाटे. निसर्गाच्या परीक्षेत बारामती काठावर नव्हे, चांगल्या मार्कांनी पास झाली असती.

फरक निसर्गात नव्हता. बेगमपेटला निजामाच्या राज्यात युद्धाआधीच विमानतळ होता, हौशी वैमानिकांचा क्लब होता. शेजारी सिकंदराबादची छावणी, म्हणजे दवाखाना, बराकी, दुरुस्तीची माणसं. मोठी रेल्वे दारात. बारामतीत पेट्रोलचं प्रत्येक पिंप दौंडला मोठ्या गाडीतून उतरवून छोट्या गाडीत चढवावं लागलं असतं. युद्धात नवी जागा शोधण्यापेक्षा आहे त्यावर बांधणं स्वस्त आणि लवकर होतं. माझ्यासारख्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याची खोड अशी की कारण म्हटलं की आधी तापमान, पाऊस, उंची आठवतात. रेल्वेचा गेज शेवटी आठवतो.

आता ज्याची मी वाट बघत नव्हते ते. फेरफार बघताना माझ्या मूळ कामासाठी मी कळंबचेही कागद काढले होते. कळंब म्हणजे आमच्या इंदापूर तालुक्यातलं ते गाव, जिथे आज वालचंदनगर आहे. कालव्याचं पाणी, मोठ्या सलग जमिनी, त्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांकडून खंडानं घेतलेल्या. १९३२ मध्ये सरकारनं साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण दिलं आणि त्यानंतर लगेच इथला कारखाना उभा राहिला. तो उभा करणारे वालचंद हिराचंद दोशी १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले, रेल्वेचे ठेके घेत मोठे झाले, पुढे सिंदिया ही जहाज कंपनी, मग साखर. आमच्याकडे वालचंद म्हटलं की कारखान्याचा भोंगा आठवतो. विमान कुणाला आठवत नाही. मलाही नाही आठवलं, आणि मी विमानतळाच्या इतिहासासाठी पाच महिने फिरत होते!

१९३९ च्या अखेरीस पॅसिफिक ओलांडणाऱ्या एका क्लिपर विमानात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. वालचंदांनी विचारलं की हेच भारतात का नाही. प्रस्ताव सरकारपुढे गेला आणि तसाच पडून राहिला. वसाहतीत विमानं बनवायची कल्पना लंडनला रुचणारी नव्हती. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, ब्रिटनला आपलीच विमानं पुरेनात, तेव्हा फाइल हलली. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला जागा दिली आणि संस्थान भागीदार झालं. २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. अधिकृत भांडवल ४ कोटी, भरणा झालेलं ४० लाख. मार्च १९४१ मध्ये भारत सरकारही भागधारक झालं. आजचं एचएएल ते हेच.

या कारखान्यातून पहिलं विमान कोणतं बाहेर पडलं असेल? लढाऊ नाही, बॉम्बर नाही. शिकाऊ! ऑगस्ट १९४१ मध्ये, कंपनी नोंदल्यापासून आठ महिन्यांत, हार्लो पीसी-५ हे पुढे-मागे दोन बैठकांचं प्रशिक्षण विमान तिथे जुळवून तयार झालं. सुटे भाग अमेरिकेतून आलेले, जोडणी इथली. आणि या हार्लोचं मूळ वाचून तर मी वाचनालयात मोठ्यानं हसले. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना ज्युनिअर कॉलेजमध्ये मॅक्स हार्लो नावाचे शिक्षक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन वर्गातला प्रकल्प म्हणून एक विमान बनवलं, ते १९३७ मध्ये उडालं. त्याच घराण्यातलं पुढचं विमान म्हणजे पीसी-५. आपले प्रोजेक्ट कपाटात धूळ खातात, त्यांचा हिंदुस्थानात येऊन पोहोचला.

पण गोष्ट इथे फुलत नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. फेब्रुवारीत सिंगापूर गेलं, मार्चमध्ये रंगून. २ एप्रिल १९४२ ला सरकारनं बंगळूरचा कारखाना ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं आणि वालचंद बाहेर पडले. त्याच आठवड्यात, ६ एप्रिलला, विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. तिथे वालचंदांच्याच सिंदिया कंपनीचा जहाजबांधणीचा तळ उभा राहत होता. नोंदणीपासून सोळा महिनेही झाले नव्हते. पुढे १९४३ मध्ये कारखान्याचं व्यवस्थापन अमेरिकी हवाई दलाकडे गेलं आणि तो प्रामुख्यानं दुरुस्तीचा कारखाना झाला. नवी विमानं बनवण्यापेक्षा मोडलेली उडवणं जास्त तातडीचं होतं. सरकारच्या बाजूनं बघितलं तर निर्णय समजण्यासारखा आहे. तरीही देशी विमानाची सुरुवात तिथे काही वर्षं थांबली, हेही मला दिसतं. हार्लो प्रशिक्षणात फारसं पुढे गेलं नाही, शिकवण्याचा भार टायगर मॉथनंच वाहिला.

सरकारी ताब्यानंतरही बंगळूरमध्ये एक माणूस टिकून राहिला. डॉ. विष्णू माधव घाटगे. मुंबईत एम.एस्सी., मग जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली पीएचडी. ज्यांनी फ्लुइड डायनॅमिक्स घेतलंय त्यांना प्रांट्ल म्हणजे काय हे सांगायला नको. बाउंडरी लेयरची संकल्पना मांडणारे तेच. घाटगे १९४० मध्ये कारखान्यात आले, युद्धकाळात सैनिक वाहून नेणाऱ्या एका ग्लायडरचं डिझाइन केलं, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवलं. त्यांनी डिझाइन केलेलं एचटी-२ हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. तेही प्रशिक्षण विमानच. टायगर मॉथची जागा शेवटी त्यानं घेतली, दीडशेहून जास्त बनली आणि हवाई दलाच्या कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या. वालचंदांच्या कारखान्यातलं पहिलं जुळवलेलं विमान शिकाऊ, आणि त्याच कारखान्यातलं पहिलं देशी बनावटीचं इंजिनवालं विमानही शिकाऊ.

हे सगळं सापडल्यावर मी सिनॉप्सिसमध्ये नवं वाक्य लिहिलं. ‘इंदापूर तालुक्यातील उसाच्या पैशातून युद्धकाळात भारतातील पहिले प्रशिक्षण विमान तयार झाले.’ कसलं भारी वाक्य! आमच्या फडातून थेट आकाशात. लिहिताना अंगावर काटा आला होता, खरं सांगते.

आणि पुन्हा लाल रेघ. या वेळी ‘उसाच्या पैशातून’ या दोन शब्दांखाली. समासात: ‘रुपयावर गावाचं नाव असतं का?’

नसतं. वालचंदांचे उद्योग अनेक होते, बंगळूरच्या भांडवलात दुसरे व्यापारी होते, म्हैसूर संस्थान होतं, सरकार होतं. कळंबच्या साखरेचा नफा बंगळूरला गेला हे दाखवायचं तर कंपनीचे ताळेबंद हवेत, आणि ते माझ्याकडे नव्हते. माझ्याकडे होता तो एका माणसाच्या नावाचा धागा. नाव दोन्हीकडे आहे म्हणून पैसाही दोन्हीकडे आहे असं मी धरलं. सांख्यिकीच्या पेपरात सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे यावर पाच मार्कांची टीप आपण सगळे लिहितो. स्वतःच्या गावाबद्दल लिहायची वेळ आली की टीप विसरतो.

आणि गावाचा अभिमान बाजूला ठेवला तर त्या साखरेच्या जमिनीचा दुसराही हिशेब होता, तो मी वाक्यात घेतलाच नव्हता. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर साखर कंपन्यांकडच्या या जमिनी सरकारनं घेतल्या, १९६३ मध्ये शेती महामंडळ झालं, आणि ज्यांनी मुळात खंडानं जमिनी दिल्या होत्या ते खंडकरी शेतकरी त्या परत मिळाव्यात म्हणून पिढ्यान्‌पिढ्या झगडत राहिले. आमच्या शेजारच्या वस्तीवर या विषयावर आजही आवाज चढतो. मी ‘आमच्या उसाच्या पैशातून विमान’ असं लिहिलं असतं तर त्यातलं ‘आमच्या’ कुणाचं, असं त्यांनी मला विचारलं असतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मध्ये एकदा घरी गेले होते. जुलै २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यात कडबनवाडीला एक शिकाऊ विमान शेतात कोसळलं होतं, चालवणारी तरुणी जखमी झाली, वाचली. त्यानंतर आज्जी विमानाचा आवाज आला की काम थांबवून वर बघते आणि ते दिसेनासं झाल्यावरच खाली बघते. मी तिला सांगितलं की ही धावपट्टी इंग्रजांची नाही, आत्ता आत्ताची आहे. ती म्हणाली, “मंग तुला कुणी सांगितलं व्हतं इंग्रजांची म्हणून?” कुणीच नव्हतं सांगितलं. मीच ठरवलं होतं.

प्रबंधात आता पान ४ वर बारामतीच्या धावपट्टीबद्दल एकच साधं वाक्य आहे: ती १९९० च्या दशकातली आहे आणि त्या गटांच्या फेरफारात त्याआधी लष्करी ताब्याची नोंद नाही. वालचंदनगर आणि बंगळूर यांचा उल्लेख तळटीपेत गेलाय, चार ओळींची. ‘भांडवलाचा स्रोत या अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे’ असं तिच्या शेवटी लिहिलंय. परवा ती पानं परत आली. तळटीपेवर लाल रेघ नव्हती. फक्त ‘कक्षेबाहेर’ या शब्दाभोवती पेन्सिलनं गोल काढला होता आणि शेजारी, अगदी बारीक अक्षरात, ‘पोस्ट-डॉक?’